मीठ मागेपर्यंत

माझ्या मावशीला सगळं गाव अळणीबाई म्हणायचं, तेही तोंडावर. तिला त्याचं काही वाटायचं नाही; अंगाचा तिळपापड व्हायचा तो माझा. एकदा दूधवाल्यानं दारातून ‘अळणीबाई, भांडं आणा’ अशी हाक मारली, तर मी त्याला असं काही फैलावर घेतलं की दुसऱ्या दिवसापासून तो दूध पायरीवर ठेवून गुपचूप निघून जायला लागला. मावशी म्हणाली, ‘कशाला भांडतेस त्याच्याशी? खरं तेच म्हणाला तो.’

खरं होतंच. मावशीनं एकतीस वर्षं परतीच्या घरात स्वयंपाक केला, आणि त्या स्वयंपाकात मिठाचा कण नसायचा.

परतीचं घर म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बाहेरच्यांना मात्र पहिल्यापासून सांगावं लागतं. शाळेत मास्तर फळ्यावर तीन आडव्या रेघा काढायचे. मधली रेघ म्हणजे आपण. खालची म्हणजे सावल्यांचा देश. तिथे मेल्यावर जायचंच आहे, घाई करू नये. आणि वरची रेघ म्हणजे रान. कोटाला अस्तर असतं तसं आपल्या जगाला रान आहे, असं मास्तर सांगायचे. जिथे आपली गल्ली, तिथे रानातही गल्ली. फक्त घरांच्या जागी पोकळ बुंध्यांची झाडं आणि दिव्याच्या खांबांच्या जागी उजेड देणारी फुलं. तिथली मंडळी आपल्यापेक्षा देखणी, आपल्यापेक्षा लहरी, आणि म्हातारपण त्यांना ठाऊक नाही. त्यांच्यात राण्या आहेत म्हणे. एकीच्या ताब्यात कायमचा वसंत, दुसरीच्या ताब्यात कायमची पानगळ, आणि दोघींमधून विस्तव जात नाही. मी त्यांना पाहिलेलं नाही आणि मला पाहायचंही नाही.

अस्तर एखाद्या ठिकाणी उसवतं, तशी आमच्या गावात एक फट आहे. कपडे वाळत घालायचं मोठं मैदान आहे, त्याच्या टोकाला विटांची जुनी भिंत आहे, त्या भिंतीत. उजाडताना आणि मावळताना थोडा वेळ ती उघडते. मागे एकदा लोकांनी भिंतच पाडली. फट होती तिथेच राहिली, नुसती हवेत. मग ते जास्त वाईट दिसतं म्हणून भिंत पुन्हा बांधली. तिथे पहारेकरी बसवलाय, तरी वर्षाला पाच-सात माणसं जातातच. कुणी चुकून, कुणी जाणूनबुजून. त्यातली निम्मीशिम्मी परत येतात, पण दहा, वीस, कधी पन्नास वर्षांनी. त्यांच्या लेखी मात्र एक दुपार गेलेली असते.

परत आलेल्या माणसाला आपलं सगळं बेचव वाटतं. रंग विटलेले, आवाज बसलेले, अन्न म्हणजे माती. रानात भूक लागत नाही, कारण ती लागायच्या आत फळ हातात आलेलं असतं. थंडी वाजायच्या आत कुणीतरी पांघरूण घातलेलं असतं. तिथे काही मागावंच लागत नाही. म्हणून माणूस मागायचं विसरतो, आणि ज्याला काही मागायचंच नाही तो इथे टिकत नाही. तिसऱ्या दिवशी मावळतीला उठतो आणि फटीकडे चालू पडतो. दारं लावून, बांधून ठेवूनही पाहिलंय लोकांनी. त्यांचं पुढे काय झालं ते मी सांगणार नाही.

म्हणून परतीच्या घरात तीन दिवस अळणी जेवण. जेवण चांगलंच करायचं, कांदा मंद आचेवर परतायचा, बटाटा मऊ शिजवायचा, वास सुटला पाहिजे. फक्त मीठ घालायचं नाही. माणूस दोन घास खातो, थांबतो, त्याला वाटतं काहीतरी कमी आहे. मग तो म्हणतो, ‘मीठ आहे का?’ झालं. माणूस परत आला. कारभारी व्हरांड्यातली पितळी घंटा वाजवतात आणि बाहेर गल्लीत बाकांवर बसलेले नातेवाईक उठून उभे राहतात. पण मागायचं ते त्यानं स्वतःच्या तोंडानं. आपण विचारायचं नाही, मिठाची बरणी दिसेल अशी ठेवायची नाही. आणि घंटा होण्याआधी नातेवाइकानं समोर जाऊन नातं सांगायचं नाही. एका गृहस्थांना धीर धरवला नाही. हातात काठी, पांढरी दाढी, आणि आत जाऊन म्हणाले, मी तुझा धाकटा भाऊ. खुर्चीत बसलेला थोरला भाऊ बावीस वर्षांचा होता. तो ताडकन उठला आणि गेला.

आता मावशीचं सांगते.

मावशी आधी घरी बसून काज-बटणं करायची. शिंप्याकडून शर्टांचे गठ्ठे यायचे आणि ती खिडकीशी बसून दिवसाला चाळीस-चाळीस काजं करायची. नवरा लवकर गेला, घरात ती आणि माझी मावसबहीण. बहिणीची बडबड अखंड चालायची म्हणून तिला सगळे टिटवी म्हणायचे. मावशीचं सगळं लक्ष सुईत. चुलीवर काय ठेवलंय ते ती विसरायची, आणि मीठ तर हमखास विसरायची. मी अर्ध्या वेळा त्यांच्याकडेच जेवायला असायचे, त्यामुळे हे रोज डोळ्यांनी पाहिलंय. टिटवी पुस्तकात डोकं घालून जेवायची. पहिला घास गेला की मान वर न करता डावा हात पसरायची आणि म्हणायची, ‘आई, मीठ.’

‘उठून घे. हात मोडलेत का?’

‘एकदा तरी घालत जा की ग.’

‘उद्या घालते.’

तो उद्या काही उजाडला नाही.

आम्ही दोघी बारा वर्षांच्या होतो. मी तिच्याहून तीन आठवड्यांनी मोठी, आणि त्या तीन आठवड्यांचा मी फार तोरा मिरवायचे. एका संध्याकाळी आम्हाला मैदानावरच्या चादरी काढून आणायला पाठवलं. पहारेकरी चहाला गेलेला. फट उघडली होती आणि पलीकडे एक फांदी भिंतीला टेकलेली दिसत होती, तिला लालभडक फळं लागलेली. तशी फळं मी जन्मात पाहिली नव्हती. मी म्हटलं, ‘मला हवीत ती.’

टिटवी म्हणाली, ‘वेडी आहेस का?’

मी म्हटलं, ‘घाबरलीस ना? राहू दे.’

तिनं चपला काढून माझ्या हातात दिल्या, चिखल लागू नये म्हणून, आणि ती आत गेली. मग उजेड गेला. पहारेकरी आला तेव्हा मी त्या चपला धरून भिंतीसमोर उभी होते. घरी मी सांगितलं की ती आपणहून गेली. मी मागितलं होतं, हे कुणालाच सांगितलं नाही.

महिन्याभरात मावशीनं काजांचे गठ्ठे परत केले आणि परतीच्या घरात स्वयंपाकाला लागली. माझी आई, म्हणजे तिची थोरली बहीण, त्या दुःखातही म्हणाली, ‘चला, एका तरी स्वयंपाकघरात हिचं विसरणं कामी येईल.’ दोघी हसल्या आणि मग दोघी रडत बसल्या. मला आठवतं, मी दाराआड उभी होते आणि मला पुढे जायचा धीर झाला नाही.

वीस वर्षांची झाले तेव्हा मीही त्याच घरात कामाला लागले. चादरी-अभ्रे माझ्याकडे, खोल्या माझ्याकडे, जेवणाची ताटं ने-आण माझ्याकडे. मावशी आता काही विसरायची नाही. तिचा हात असा बसला होता की अळणी बटाट्याच्या नुसत्या वासावर माणसाला ओढून आणायची. शे-दीडशे माणसं तिच्या हातून जेवली. त्यातल्या बहुतेकांसाठी घंटा झाली. दर घंटेला ती पदराला हात पुसून खिडकीतून बघायची, लोक एकमेकांच्या गळ्यात पडायचे ते. मग पुन्हा भांडी. मी विचारायचे, ‘मावशी, बस की जरा.’ ती म्हणायची, ‘आपली यायची आहे अजून.’ एकतीस वर्षं हेच उत्तर. शेवटी शेवटी मी विचारणंच सोडलं.

आणि मग ती आली.

सकाळची वेळ. मी तीन नंबरच्या खोलीत पडदे लावत होते, पहारेकऱ्यानं एका मुलीला आणून खुर्चीवर बसवलं. मी वळून पाहिलं आणि पडद्याची दांडी माझ्या हातातून सुटली. पिवळा फ्रॉक, उजव्या खिशाला हिरव्या दोऱ्यानं रफू. तो खिसा माझ्याकडूनच फाटला होता, झोंबाझोंबीत. केसांत ओली पानं, पाय अनवाणी. बारा वर्षांची.

‘काकू,’ ती मला म्हणाली, ‘तुमच्याकडे उजेड इतका कमी का आहे?’

मी म्हटलं, ‘पडदे लावलेत ना.’

तिनं खिशात हात घातला आणि मूठ उघडली. लाल फळं. देठाला पाणी होतं अजून. ‘ही माझ्या मावसबहिणीची आहेत,’ ती म्हणाली, ‘ती बाहेर थांबलीये. चपला तिच्याकडे आहेत माझ्या. उशीर झाला तर चिडेल, तिला जरा राग जास्त आहे.’

‘ठेव तिथे टेबलावर,’ मी म्हटलं, आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. राग जास्त आहे म्हणे. आहेच.

कारभारी भला माणूस. त्यांनी मावशीला ऑफिसात बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग सांगितलं. ‘बाई, हे तीन दिवस तुम्ही बाहेर बाकावर बसा. रांधायला दुसरी बाई बघतो.’

मावशी म्हणाली, ‘एकतीस वर्षं दुसऱ्यांच्यासाठी रांधलं. आता माझ्या पोरीला दुसरीच्या हातचं?’

‘नियम आहे.’

‘नियम समोर जाऊन नातं न सांगण्याचा आहे. मी समोर जाणार नाही. चुलीशी राहीन.’

कारभाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ‘नको’ म्हणायला हवं होतं. मी मान डोलावली.

पहिल्या दिवशी दुपारी मावशीनं नेहमीसारखंच केलं. बटाटे, परतलेला कांदा, मऊ भात. अळणी. ताट मी नेलं. जेवणाच्या खोलीला स्वयंपाकघरातून एक जाळीची खिडकी आहे. मावशी त्या जाळीला नाक लावून उभी. टिटवीनं घास उचलला, हुंगला, तोंडात घातला आणि चावत राहिली. दुसरा घेतला नाही. नुसती ताटाकडे बघत बसली. पहिल्या दिवशी सगळे असंच करतात, त्यात नवल नाही. पण मी समोर होते, आणि मला दिसलं की तिचा डावा हात मांडीवरून उठून टेबलावर आला आणि हळूहळू उलटा होऊ लागला, तळवा वर.

तेवढ्यात आतून मावशीचा आवाज आला, ‘घेऊन ये ते ताट. नकोय तिला. घेऊन ये म्हणते ना.’ तिला ते बघवेना. मी ताट उचललं. हात पुन्हा मांडीवर गेला.

आता वाटतं, अर्धा मिनिट थांबले असते तर. पण त्या वेळी मीही तिच्याकडे सरळ बघू शकत नव्हते. हात खरंच पसरला होता की मला भास झाला, हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. निदान कारभाऱ्यांना ‘भास असेल’ असं सांगून मी मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात गेले तर मावशी कमरेची पुडी सोडत होती. कागदाची छोटी पुडी. चिमटीत घेऊन तिनं ते बटाट्यांवर सोडलं. चव घेतली. आणखी थोडं सोडलं.

‘मावशी, काय करतेस हे?’

‘दिसत नाही?’

‘कारभाऱ्यांना कळलं तर...’

‘कळू दे.’ तिनं पळी खाली ठेवली. ‘जन्माला आल्यापासून त्या पोरीला अळणी घातलं मी. ती हात पसरायची आणि मी म्हणायची, उठून घे. मला काजांचं पडलेलं. एकतीस वर्षं लोकांच्या पोरांना अळणी रांधताना मला रोज तो हात दिसलाय. आता ती पलीकडच्या खोलीत बसलीये, आणि तिच्यापुढे मी पुन्हा अळणी ताट सरकवू? नाही व्हायचं माझ्याच्यानं. कालही उगाच घातलं तसं. शिवली तरी का?’

ज्याचं जळतं त्याला कळतं, अशी मनाची समजूत घातली. खरी गोष्ट वेगळी होती. तिची पोर मीच घालवलेली. आता तिला शहाणपण शिकवायला मी कोण?

आणि टिटवी जेवली. अहो, सगळं ताट जेवली. भाताचं शीतन्‌शीत निपटून, बोटं चाटून. ‘आजी कोण आहेत आत? छान करतात,’ म्हणाली. जाळीमागे मावशी तोंडात पदर कोंबून रडत होती, आणि मीही कोपऱ्यात उभी राहून रडले. एवढा आनंद त्या घरात मला कधी झाला नव्हता. कारभारी मात्र व्हरांड्यात घंटेची दोरी धरून ताटकळत उभे होते. ‘सगळं खाल्लं?’ त्यांनी विचारलं.

‘सगळं.’

‘आणि मीठ?’

‘अजून नाही.’

‘असं कधी पाहिलं नाही मी,’ ते म्हणाले आणि डोकं खाजवत आत गेले. सांगायची तीच वेळ होती. मी चादरी मोजत बसले.

दिवसभर तिनं माझ्याशी गप्पा मारल्या. रानात झाडं कशी वाकून बोलतात, एका बाईनं तिच्या केसांत कसे काजवे माळले, आणि त्या बाईला तिनं सांगितलं की मला लगेच जायचंय, बहीण थांबलीये, तर ती बाई किती वेळ हसली. ‘तिथे सगळं आपोआप मिळतं,’ टिटवी म्हणाली, ‘पण कुणी ओरडत नाही. जरा चुकल्यासारखं होतं.’ मग म्हणाली, ‘इथेही छान मिळतं. पण तिथल्याइतकं नाही.’

मी तशीच उठून स्वयंपाकघरात गेले. ‘मावशी, उद्या घालू नकोस. पाया पडते तुझ्या. तिला काही कमी वाटलं तर ती मागेल ना.’

मावशी बटाटे सोलत होती. ‘भुकेलं पोर इथे राहील, की भरल्या पोटाचं?’ तिनं विचारलं.

‘मावशी, तुला नियम मी सांगू? तूच शिकवलास मला.’

‘नियम परक्यांसाठी असतो.’ तिनं साल खाली टाकलं. ‘काल अळणी होतं, एक घास गेला. आज मीठ होतं, ताट रिकामं झालं. मला डोळे आहेत. उद्या ती पोटभर जेवेल आणि मला ओळखेल. आईच्या हातचं पोराला कळतं.’

एवढ्या माणसांना जिनं परत आणलं, ती बाई स्वतःच्या पोरीपाशी पहिल्या दिवसाच्या शिकाऊ बाईसारखी चुकत होती, आणि ते सांगायला माझ्या तोंडात जीभ नव्हती. अजून एक दार होतं, कारभाऱ्यांचं. मी त्या दारापर्यंत गेले. आत ते चष्मा पुसत बसले होते. त्यांनी मान वर करून ‘काय?’ म्हटलं, आणि मी म्हटलं, ‘साबण संपलाय.’

तिसऱ्या दिवशी दुपारी मावशीनं आपला सगळा जीव त्या ताटात ओतला. भातावर तूप, बटाटे दोन्ही बाजूंनी खरपूस, मीठ अगदी बेताचं, ना कमी ना जास्त. टिटवी पुन्हा सगळं जेवली. हात धुतले. खिडकीशी जाऊन पडदा बाजूला करून बसली आणि मैदानाकडे बघत राहिली. चार वाजले, पाच वाजले. ती काहीच बोलेना. बडबडी पोर होती ती, हे लक्षात घ्या.

सहाच्या सुमारास ती उठली. फ्रॉक झटकला. ‘येते मी, काकू,’ म्हणाली.

व्हरांड्यात कारभारी बाजूला झाले. अडवायचं नसतं. मी तिच्या मागे मागे, आणि तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडून मावशी आली. पळत आली, त्रेसष्ट वर्षांची बाई. हाताला कणकेचं पीठ, केस सुटलेले. ती टिटवीसमोर उभी राहिली आणि तिनं तिचे दोन्ही खांदे धरले.

‘टिटवे, कुठे चाललीस? मी आई आहे तुझी. बघ ना ग माझ्याकडे.’

टिटवीनं बघितलं. नीट, पुष्कळ वेळ बघितलं, ओळखायचा खरंच प्रयत्न केला तिनं. त्यात भीती नव्हती, राग नव्हता. कुणा चुकलेल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं ती हळू बोलली.

‘नाही हो, आजी. तुमचं जेवण छान होतं. माझी आई मीठ घालायला विसरते. रोज विसरते. मला मागावं लागतं.’

कारभाऱ्यांचा हात घंटेच्या दोरीकडे गेला होता. तो तिथेच थांबला. तिनं मीठ मागितलं नव्हतं. नुसतं सांगितलं होतं.

मावशीचे हात तिच्या खांद्यांवरून गळून पडले. टिटवी दोन पायऱ्या उतरली, मग काहीतरी आठवून परत आली, आणि तिनं ती लाल फळं माझ्या ओंजळीत ठेवली. ‘माझी बहीण दिसली तर द्याल? सांगा, मी आणली होती. आणि चपला नको म्हणावं आता.’

मी हो म्हटलं. दुसरं काही म्हणता आलं असतं, ते म्हटलं नाही. ती मैदान ओलांडून गेली, वाळत घातलेल्या चादरींच्या खालून वाकून वाकून. भिंतीपाशी तिनं मागे वळून पाहिलं की नाही, ते चादरींमुळे दिसलं नाही.

कारभाऱ्यांनी नंतर ताट हुंगलं, बोट लावून चाखलं आणि माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मावशी पुन्हा त्या स्वयंपाकघरात गेली नाही. तिची जागा मी घेतली. ती आणखी चार वर्षं जगली, त्यातलं शेवटचं वर्ष अंथरुणावर. मी तिला माझ्याकडे आणलं होतं. एका दुपारी तिचे पाय चेपताना मी अचानक सगळं सांगून टाकलं: ती फळं मी मागितली होती, घाबरट म्हणून मीच तिला डिवचलं होतं, आणि त्या दुसऱ्या दिवशी मी कारभाऱ्यांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले होते.

मावशी डोळे मिटून होती. ‘फळांचं माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘तिच्या चपला तुझ्या हातात होत्या. आपणहून गेली असती तर तुला कशाला देत बसली असती?’

‘मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?’

‘एक गेली होती. दुसरीही घालवू?’

मी तिच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण त्या तीन दिवसांबद्दल ती काही बोलली नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. फळं माझ्याकडे आहेत, पत्र्याच्या डब्यात. मी डबा उघडत नाही. देठाला अजून पाणी असेल, अशी मला भीती वाटते.

ते शेवटचं वर्षभर मावशीला मीच भरवायचे. मऊ भात, कुस्करलेला बटाटा. कामावरून येताना परतीच्या घरातलंच घेऊन यायचे, अळणी. घरी मीठ नव्हतं असं नाही; बरणी हाताशीच होती. मी घास तोंडाशी न्यायचे आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. ती चावायची, गिळायची आणि पुढच्या घासाला तोंड उघडायची. मी थांबायचे. मुद्दाम थांबायचे, पूर्ण मिनिटभर थांबायचे. ती खिडकीतून मैदानाकडे बघत असायची.

एक दिवस न राहवून मी विचारलं, ‘मावशी, काही कमी आहे का ग?’

‘नाही,’ ती म्हणाली, ‘सगळं बरोबर आहे.’

शेवटच्या दिवसापर्यंत तिनं मीठ मागितलं नाही.